शून्य नंबरचा कागद

बाबूजी दिसण्याआधी त्यांची शिंक यायची. रेकॉर्डरूमच्या दारातून आधी धूळ बाहेर पडायची, धुळीमागून शिंक, आणि शिंकेमागून दोनेक मिनिटांनी बाबूजी. शिंक अशी, की आवारातल्या कडुनिंबावरचे कावळे उडत आणि साहेबांच्या टेबलावरचे कागद वजन ठेवलेलं नसेल तर थेट पुढच्या तालुक्यात जाऊन पडत. आमचा तालुका कोणता, ते मी सांगणार नाही. त्या कचेरीत माझे दोन भाचे अजून नोकरीला आहेत. एवढंच सांगतो, की कारंज्याची एसटी आमच्या दारासमोर थांबायची, मंगरूळपीरच्या उरुसाला अर्धी कचेरी एकदम आजारी पडायची, आणि वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता.

मी तिथं नवा कारकून म्हणून लागलो तेव्हा दुष्काळ उतरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी मला बाबूजींकडे पाठवलं. ते शिडीवर होते. शिडी इतकी उंच, की वर गेलेला माणूस खाली येईपर्यंत त्याच्या खालचा माणूस बढती घेऊन जात असे. वरूनच त्यांनी विचारलं, "कोन?"

"नवा कारकून."

"नंबर?"

"कसला नंबर?"

"तुह्या नेमनुकीच्या कागदाचा. नंबर नसंल त तू अजून लागला नाईस. जाय, नंबर घेऊन ये, मंग लाग."

मी परत गेलो, नंबर घेऊन आलो, मग लागलो. माझ्या नोकरीचा पहिला अर्धा दिवस मी नोकरीत नव्हतो असं बाबूजींचं मत निवृत्तीपर्यंत कायम होतं.

या माणसाला नंबराशिवाय काही दिसतच नसे. त्यांच्या घरी मी एकदा चहाला गेलो. स्वयंपाकघरात चाळीसेक डबे, प्रत्येकावर आकडा रंगवलेला, आणि खिळ्याला एक वही टांगलेली. मीठ सतरा, साखर तेवीस, तुरीची डाळ चार. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मला म्हणाल्या, "बसा भाऊ. साखर कोन्त्या डब्यात हाये ते वहीत हाये, अन् वही हे हापिसात घेऊन गेले." मी म्हटलं, मग राहू द्या. काकू हसल्या. सरळ तिसऱ्या फळीवर हात घातला, डबा काढला, साखर काढली. "मले कायले वही लागते? पन यायले सांगू नका बरं." मी सांगितलं नाही. तेव्हा मला ही नुसती गंमत वाटली होती. पुढं जे झालं, त्याचं निम्मं उत्तर त्या साखरेत होतं आणि मी ते चहात ढवळून पिऊन टाकलं.

एसटीत त्यांना मी उभं राहून कारंजा गाठताना पाहिलंय. गाडी अर्धी रिकामी. का उभे, विचारलं, तर म्हणे, "तिकिटावर नंबर हाये, शिटावर नंबर हाये, अन् दोन्ही नंबर जुळून नाई राह्यले. मंग बसू कोठी?" कंडक्टरनं हात जोडले. ड्रायव्हरनं आरशात पाहून हात जोडले. बाबूजी कारंज्यापर्यंत उभे.

पण त्यांचा खरा जीव होता तो त्यांच्या सूचीत. सूची म्हणजे एक रजिस्टर. दोन माणसांनी उचलावं लागे असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे दीड माणूस पुरे. तालुक्यातल्या भूमिहीनांनी सरकारी पडीक जमिनीसाठी सात वर्षांत जेवढे अर्ज दिले, तेवढ्यांची नोंद त्यात तारखेच्या क्रमानं होती. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं रोज कचेरी सुटल्यावर एक-एक तास बसून, मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी ते केलं. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: नोंदीचा नंबर, अर्जाची तारीख, आणि तो अर्ज ज्या बस्त्यात आहे त्या बस्त्याचा नंबर. बस्ता म्हणजे लाल कापडात, खाली-वर पुठ्ठे लावून बांधलेला कागदांचा गठ्ठा. एका गावाचा एक बस्ता. बस्ते फळ्यांवर गावांप्रमाणे आणि सूची तारखेप्रमाणे. एवढं लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नव्हतं.

सूचीबरोबर दोन कायदेही आले होते. कायदे सरकारचे नव्हते, बाबूजींचे होते, म्हणून ते पाळले जात. पहिला: सूचीतला नंबर चिठ्ठीवर लिहून आणल्याशिवाय बस्ता सुटणार नाही. दुसरा त्याहून कडक: कागद स्वतःच्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही. कोणी विचारलं, अमक्याचा अर्ज आहे का, तर बाबूजी 'आहे' झटकन म्हणत. 'नाही' म्हणायला त्यांना दोन दिवस लागत. आम्ही हसायचो. चाचा शिपाई म्हणायचा, "बाबूजी का 'नाई' बहोत महंगा है."

एक वर्ष वरून हुकूम आला: तालुक्यातले सर्वांत जुने चाळीस पात्र अर्जदार काढा, जमीन द्यायची आहे. बाबूजींनी सूची उघडली. पहिली नोंद, चिठ्ठी, शिडी, बस्ता, कागद, पात्र. दुसरी नोंद, पात्र. तिसरा माणूस वारलेला, पुढं चला. दुपारच्या चहापर्यंत चाळीस नावं तयार. साहेबांनी पाठ थोपटली, बाबूजी पाच वेळा शिंकले. जगात सूचीसारखी गोष्ट नाही, हे त्या दिवशी कचेरीनं मान्य केलं.

दुसऱ्या वर्षी हुकूम आला तो याहून लहान. नदीपल्याडची तीन गावं. तिथली जमीन तिथल्याच लोकांना. या तीन गावांतले सर्वांत जुने चाळीस अर्जदार काढा; यादी शनिवारी पाचच्या एसटीनं वर गेली पाहिजे, नाही गेली तर ती जमीन दुसऱ्या कामाला जाईल. साहेब हसले. "अरे, साऱ्या तालुक्याचे चाळीस अर्ध्या दिवसात निघाले. हे तर तीन गावांचे. बाबूजी, चहाच्या आधी काढता की नंतर?"

सोमवारी सकाळी बाबूजींनी सूची उघडली. पहिली नोंद. चिठ्ठी. शिडी. बस्ता उतरवला, गाठ सोडली, कागद काढला, पाहिला. "हे नव्हे. नदीअल्याडचा." गाठ मारली, बस्ता वर, शिडीवरून खाली. दुसरी नोंद. "हे नव्हे." तिसरी. "हे नव्हे." चहा आला, थंड झाला, परत गेला. संध्याकाळी कचेरी सुटली तेव्हा शंभरावर बस्ते उघडून झाले होते आणि यादीत नाव एकही नव्हतं.

मंगळवारी एकही नाही. बुधवारी एकही नाही.

आता तुम्ही म्हणाल, की कचेरीत काय सगळे खुळे होते? मला तरी काय कळत होतं! तीच सूची, तोच माणूस, तेच चाळीस. गेल्या वर्षी मोठ्या तालुक्यातून शोधायला अर्धा दिवस आणि यंदा तीन गावांतून शोधायला तीन दिवसांत काहीच नाही? मागितलं कमी आणि वेळ लागतोय जास्त! मी रात्री ताटावर बसून हा हिशेब मांडला, तर माझी पोळी कुत्र्यानं नेली आणि मला कळलं नाही.

कचेरीत मग रोग शोधायची धांदल उडाली. अव्वल कारकुनांनी निदान केलं, शिडी जुनी आहे. दुसरी शिडी आणली. दोन शिड्या मधल्या बोळीत समोरासमोर आल्या आणि एकमेकींना वाट देईनात. एका शिडीवर मी, दुसरीवर बाबूजी, तास-दीड तास आम्ही तसेच, जवळचे नातेवाईक भांडल्यासारखे. बांधकाम खात्यातला एक ओव्हरसियर सहज चहाला आला होता. तो म्हणाला, उजेड कमी आहे. शंभराचा दिवा लावला; त्यामुळे 'हे नव्हे' स्पष्ट दिसू लागलं. साहेबांनी रजिस्टर चार भागांत फोडून चार जणांना वाटायचा घाट घातला, पण बाबूजींनी ते पोटाशी असं धरलं, की साहेबच घाबरले. चाचानं दाराला लिंबू-मिरची बांधली. मी स्वतः बोळीत खडूनं पावलं मोजून एक जवळची वाट काढली, तिच्यानं प्रत्येक फेरीत बावीस पावलं वाचू लागली. प्रत्येक फेरी झपाझप होऊ लागली हो! पण फेऱ्या संपेनात. आम्ही रोग जितका बरा करावा तितका रोगी आडवा.

दुसऱ्याच दिवशी मी एक शहाणपण केलं होतं. म्हटलं, "बाबूजी, सूचीत बस्त्याचा नंबर आहेच की. त्या तीन गावांचे बस्ते त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. सूचीतल्या दुसऱ्या नंबरांकडे जायचंच कशाला?"

बाबूजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अन् एखांद्या दुसऱ्या बस्त्यात पल्याडचा कागद चुकून गेला असंल त? न पाह्यता 'नाई' म्हनाव?"

"चुकून कसा जाईल?"

"जाते," ते म्हणाले आणि शिंकलेसुद्धा नाहीत. शिडी चढून गेले.

मंगळवारपासून कचेरीच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहू लागली. पार्बताबाई. नदीपल्याडच्या बौद्ध वस्तीतली, साठीला आलेली, कापूस वेचून वेचून बोटांना घट्टे पडलेले. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं जायची आणि मधे उभी. बाकडं होतं, बसायची नाही. चाचानं दोनदा म्हटलं, "बैठो ना माय." ती म्हणाली, "नाई बाप्पा. बसलं का मानूस इसरतेत."

मी विचारलं, तुमचा अर्ज आहे का यात.

"हाये न. पन लय मांगून. दोन सालाआधी देल्ला, साऱ्याइच्या शेवटी. तीन गावचे साठ-बासष्ट अर्ज हायेत, अन् घेनार चाळीस. माह्या नंबर लागत नाई, मले ठावं हाये."

"मग का येता रोज?"

"यादी होते का नाई ते पाहाले. माह्या नाई त माह्या गावचा तरी."

मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनीच इतके उशिरा का दिले अर्ज? बाकीचा तालुका सात वर्षांपासून देतोय."

तिनं रेकॉर्डरूमच्या दाराकडे पाहिलं. बाबूजी चिठ्ठी घेऊन बोळीतून चालले होते. तिच्यासमोरून जाताना त्यांची मान रजिस्टरमध्ये इतकी खाली, की नाक शाईला लागावं.

"उशिरा?" ती म्हणाली. "तालुक्यात पयला अर्ज आमच्याच घरचा व्हता. माह्या घरधन्यानं देल्ला. थो कारंज्याले सडकेच्या कामावर व्हता, तेथी आयकलं, अन् सरळ अठीसा आला. रजिस्टर बी आलं नोतं तवा. या बाबूजीच्याच हाती कागद देल्ला, यायनं सही बी केली. मंग दर बाजाराच्या दिवशी थो पुसाले ये. चार बाजार बाबूजी 'पाह्यतो' म्हने, पाचव्या बाजारी म्हने, 'नाई. तुह्या कागद नाई.' घरी येऊन मानूस गुमसुम बसला. गावात साऱ्याइनं आयकलं. ज्यानं सही घेऊन कागद देल्ला त्याचा नाई म्हने, मंग आपला कोनाचा राहीन? कोनी आलंच नाई मंग. पाच साल कोनी नाई आलं. त्यातच घरधनी बी गेले. मंग मीच उठली, घरोघर फिरली, म्हटलं चाला. तवा कुठं आले सारे."

ती हे रागानं बोलली नाही, पिकाबद्दल बोलावं तसं बोलली. मी मात्र उभा राहिलो. तीन गावांचे सगळे अर्ज सूचीच्या शेपटाला का, ते आता मला कळलं. पण ते कळून करायचं काय, हे कळलं नाही. मी आत गेलो आणि फक्त एवढं पाहिलं, की बाबूजींनी गेल्या चार दिवसांत उघडलेल्या बस्त्यांत त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस यांतला एकही नव्हता. त्यांची पाळीच अजून आली नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट पाहिली. ज्या बस्त्यातला एक कागद पाहायचा, तो बस्ता बाबूजी पूर्ण चाळत होते. एकदा नाही, जेव्हा जेव्हा उघडतील तेव्हा तेव्हा. म्हणजे हा माणूस यादी करत होता की दुसरंच काही हुडकत होता? मला काही समजेना. साहेबांना सांगायला गेलो, तर सांगायचं काय तेही समजेना.

शुक्रवारी दुपारपर्यंत सहाशे नोंदी झाल्या. सूचीत चौदाशे होत्या. नावं, शून्य.

शनिवारी चार वाजता साहेब रेकॉर्डरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले. "बाबूजी, एक तास राहिला. आता काय करायचं?"

"शिस्तीत चालून राह्यलो साहेब. सूची तारखेनंच हाये. हुकूम बी तारखेनंच पाह्यजे म्हनते. शेवटालोग गेलो का आपोआप क्रमानं निंघतीन."

"शेवटापर्यंत जाईस्तोवर पुढचा हप्ता येईल!"

मग पायरीवरून आवाज आला. "साहेब, एक बोलू काय? मी शिकेल नाई."

"बोला बाई."

पार्बताबाई उंबऱ्यापर्यंत आली. "आमी कापूस येचतो. वावरात पयलं बोंड या धुऱ्याले फुटते, दुसरं त्या धुऱ्याले, तिसरं मधात. आता मी जर म्हनलं, पयलं फुटलं थे पयलं येचीन, दुसरं फुटलं थे दुसरं, त दिसभर वावरात धावूनच मरीन, अन् ओटीत मूठभर कापूस नाई. मुकादम हाकलून देईन मले. आमी तासानं जातो, ओळीनं. या तासातलं सारं येचलं, मंग त्या तासातलं. कोन्तं बोंड आधी फुटलं थे घरी ढीग करून पाहाव." ती थांबली. "आमची गावं तीन. बस्ते तीन. उतरवा ना तिन्ही खाली. कागदावर तारीख लिवेलच असंल. जमिनीवर मांडा तारखेनं. चाळीस मोजा. झालं."

कचेरीत इतकी शांतता झाली, की भिंतीवरची पाल खाली काय झालं ते पाहायला उतरली. साहेबांचं तोंड उघडं. अव्वल कारकुनांनी कपाळावर हात मारला, तो शेजारच्या कारकुनाच्या कपाळावर बसला. आणि मला काकूंची साखर आठवली, तिसऱ्या फळीवरची, वहीशिवाय काढलेली.

बाबूजी एकटेच म्हणाले, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी मी कुठून आनू?" ती म्हणाली. "मी सोता आली, हेच चिठ्ठी समजा."

बाबूजी तिच्याकडे पाहत राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं असावं. मग सूची मिटून त्यांनी माझ्या हातात दिली (दीड माणसाचं वजन, खोटं नाही सांगत) आणि ते पळत गेले. बाबूजींना पळताना मी एवढंच एकदा पाहिलं. शिडीला हात न लावता पहिल्या फळीवर पाय, दुसऱ्या फळीवर पाय, आणि तिन्ही बस्ते पोटाशी धरून खाली. चिठ्ठी नाही, नंबर नाही.

जमिनीवर सतरंजी टाकली. त्रेचाळीस सोडला, कागद पसरले. चव्वेचाळीस सोडला. मी तारखा वाचत गेलो, चाचा कागद खाली-वर सरकवत गेला. पंचेचाळीस, म्हणजे पार्बताबाईच्या गावचा, सोडताना बाबूजींची बोटं गाठीवर अडली. स्वतः मारलेली गाठ त्यांना सुटेना. शेवटी पार्बताबाईनंच वाकून सोडली.

वीस मिनिटं लागली, शिंका धरून. त्रेसष्ट कागद, तारखेनं ओळीत. चाळीस मोजले. पार्बताबाईचा स्वतःचा अठ्ठावन्नावा निघाला. तिनं मान हलवली, जसं काही दुसऱ्याच कोणाचं आहे. "झालं मंग," ती म्हणाली. "यादी झाली."

बाबूजी मात्र बस्त्याचं कापड झटकत होते. कापड झटकलं, वरचा पुठ्ठा पाहिला, खालचा पुठ्ठा उलटा केला. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कधीकाळच्या ओलीनं चिकटून बसलेला, पुठ्ठ्याच्याच रंगाचा झालेला एक कागद होता. बाबूजींनी तो नखानं इतक्या हळू सोडवला, की मला वाटलं, आता पाचची गाडी गेली. कागद निघाला. खाली तारीख. सूचीतल्या पहिल्या नोंदीच्या चार महिने आधीची. आणि तारखेशेजारी मोत्यासारख्या अक्षरात बाबूजींची सही.

सात वर्षं तो जिथं असायला पाहिजे तिथंच होता. बस्त्यातले कागद त्या वेळी पाहिले होते. बस्ता पाहिला नव्हता.

बाबूजींनी तो कागद सतरंजीवर सगळ्यांच्या आधी ठेवला. पहिल्या अर्जाच्याही वर. मग टेबलाशी जाऊन त्यांनी अर्धं पान टिपण लिहिलं: अर्ज मी स्वतः स्वीकारला, मी बस्त्यात टाकला, मी नीट न पाहता नाही म्हणून सांगितलं, चूक माझी, अर्जदार मयत, वारस पत्नी. खाली सही.

साहेबांनी वाचलं. आवाज खाली आणला. "बाबूजी, तुमच्या निवृत्तीला आठ महिने आहेत. हे टिपण वर गेलं तर चौकशी बसेल."

"बसू द्या साहेब. हे बाई सात सालापासून उभी हाये."

साहेबांनी आणखी एकदा वाचलं आणि शेरा मारला. पहिलं नाव लिहिलं गेलं, आणि मग एकोणचाळीस. चाळिसाव्या माणसाचं नाव गळलं. तो पार्बताबाईच्याच गावचा होता. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंग त्याले बी माह्या वावरात कापूस येचाले घेईन." पाचची एसटी चाचानं समोर आडवा हात करून पावणेसहापर्यंत थांबवली. ड्रायव्हर शिव्या देत होता. त्याला यादी दाखवली, तो गप्प झाला. तो पल्याडच्या गावाचा होता की नाही, मला माहीत नाही, पण गोष्टीत तो असायला हवा.

गाडी गेल्यावर बाबूजी रेकॉर्डरूममधून त्यांचं स्वतःचं स्टूल घेऊन बाहेर आले. त्या स्टुलावर त्यांनी कोणाला कधी टेकू दिलेलं नव्हतं; त्यावरही नंबर होता. ते पार्बताबाईपुढं ठेवलं. "बसा," म्हणाले. ती बसली. बाबूजी उभे राहिले, तिची गाडी येईपर्यंत.

चौकशी बसली. चार महिने चालली आणि काय झालं ते कोणाला कळलंच नाही, कारण तिचा कागद कोणत्या बस्त्यात गेला ते सापडेना. बाबूजी वेळेवर निवृत्त झाले.

मला आजही एक गोष्ट समजत नाही. त्या सहा दिवसांत बाबूजींना खरंच सुचलं नाही, की तीन बस्ते सरळ उतरवावेत? इतका हुशार माणूस! की सुचलं होतं, आणि पंचेचाळीस नंबरच्या बस्त्याला हात लावायची वेळ जितकी लांबेल तितकी ते लांबवत होते? सूची खरंच लोकांसाठी केली होती, की त्या एका बस्त्यापर्यंत जायला लागू नये म्हणून? काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मले काय ठावं भाऊ. घरात बी थे सतरा नंबरचा डबा उघडाच्या आधी दहा वेळा वही पाह्यतेत."

त्यांच्यानंतर रेकॉर्डरूम माझ्याकडे आली. पुढं कित्येक वर्षांनी एक तपासणी अधिकारी आले, वरचे, कडक, इस्त्रीचे. त्यांनी सूची उघडली. पहिल्याच पानावर, नोंद एकच्या वरती, कोरी राहिलेल्या पट्टीत बारीक मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ होती. नंबर: शून्य. तारीख. बस्ता पंचेचाळीस.

"शून्य नंबर कुठं असतो?" अधिकारी म्हणाले. "ही चूक कोणाची?"

"बाबूजींची," मी म्हटलं.

"मग दुरुस्त का केली नाही?"

"साहेब," मी म्हटलं, "ही दुरुस्तीच आहे."